रात्रीतून उतरणारी टाकी: परत परत होणारी गळती कशी शोधावी आणि का परतते

पुण्यातील सोसायट्यांच्या समित्यांपुढे ठरावीक काळाने येणारी एक तक्रार साधारण अशी असते. रात्री अकराला वरची टाकी काठोकाठ भरून मोटार बंद केली, मध्यरात्रीनंतर इमारतीत कोणी पाणी वापरले नाही, आणि तरीही पहाटे वरच्या मजल्यावरचा नळ फुसफुसू लागला. मग सूचना फलकावर ‘पाणी जपून वापरावे’ अशी नोटीस लागते, कोणाच्या घरी रोज गॅलरी धुतली जाते यावरून कुजबुज होते, टँकर मागवला जातो, प्लंबर येऊन एक-दोन वायसर बदलून जातो आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. दोन-तीन महिन्यांनी तेच सगळे पहिल्यापासून सुरू होते.

हे लिखाण अशा परतणाऱ्या गळतीविषयी आहे. पाणीबचतीच्या बहुतेक सूचना माणसाच्या सवयींवर बोट ठेवतात: दाढी करताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा. त्या योग्यच आहेत. पण सवयीने वाया जाणारे पाणी दिवसातील काही मिनिटेच वाहते, तर गळती चोवीस तास चालू असते. मिनिटाला केवळ २५ मिलिलिटर पाणी झिरपत असेल, म्हणजे दहा मिनिटांत एक फुलपात्र भरत असेल, तर दिवसाला ३६ लिटर जातात. फ्लशच्या टाकीतून आवाज न करता मिनिटाला पाव लिटर पाणी सहज जाऊ शकते आणि त्याचा दिवसाचा हिशोब ३६० लिटर होतो. माणशी १३५ लिटर हे मानक धरले, तर चार जणांच्या कुटुंबाच्या ५४० लिटरपैकी दोन तृतीयांश पाणी एकट्या संडासातून, कोणी हातही न लावता, गटारात गेले.

आधी मोजमाप, मग पाना

प्लंबरला बोलावण्यापूर्वी एक रात्र मोजमापासाठी द्यावी. त्यासाठी लांबी-रुंदीचा टेप, खडू आणि वरच्या टाकीची किल्ली पुरते. टाकीची आतील लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा. टाकी ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ ६ चौरस मीटर होते आणि पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे ६० लिटर पाणी गेले, असा सरळ हिशोब बसतो. प्लास्टिकची गोल टाकी असेल तर व्यास मोजावा, १.१ मीटर व्यासाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. बंद टाकीतून बाष्पीभवनाने जाणारे पाणी या मोजमापात दिसण्याइतके नसते, म्हणून ‘उन्हाळा आहे, पाणी उडून जाते’ हे स्पष्टीकरण कोणी दिल्यास ते सोडून द्यावे.

चाचणीच्या रात्री मोटार आपोआप चालू करणारा लेव्हल कंट्रोलर बंद ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. हे यंत्र सोयीचे असले तरी गळती लपवण्यात त्याचा हात मोठा असतो, कारण पातळी थोडी उतरली की ते गुपचूप मोटार लावून टाकी पुन्हा भरते आणि वाढलेले वीजबिल येईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. रखवालदारालाही पहाटेपर्यंत मोटार न लावण्याची स्पष्ट सूचना द्यावी. नळाला पाणी न आल्यास गिझर चालू राहू नयेत, म्हणून सभासदांना आदल्या संध्याकाळीच निरोप द्यावा.

पहिल्या रात्री टाकीतून खाली जाणाऱ्या सर्व वाहिन्यांचे व्हॉल्व बंद करून मध्यरात्री पातळीवर खडूने खूण करावी आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा पाहावे. दुसऱ्या रात्री व्हॉल्व उघडे ठेवून हेच करावे. दोन्ही रात्रींच्या आकड्यांवरून गळती कुठल्या बाजूला आहे ते बरेचसे ठरते. समजा व्हॉल्व बंद असताना पातळी हलली नाही आणि उघडे असताना पाच तासांत १० सेंटिमीटर उतरली, तर वरील मापाच्या टाकीत ६०० लिटर गेले. तासाला १२० आणि दिवसाला २,८८० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर अशा इमारतीत साडेतीन दिवसांत गळतीतच संपतो. मध्यरात्रीही एखाद-दुसरा फ्लश वापरला जाईल हे खरे आहे, पण आधुनिक फ्लशला एका वेळी सहा लिटर आणि जुन्याला दहा-बारा लिटर लागतात. तेवढ्याने ६०० लिटरांचा खुलासा होत नाही.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. जुने पितळी गेट व्हॉल्व वर्षानुवर्षे न फिरवल्याने पूर्ण बसत नाहीत आणि चाक घट्ट फिरवूनही आतून थोडे पाणी सोडत राहतात. व्हॉल्व बंद केल्यावर त्या वाहिनीवरील सर्वांत खालच्या मजल्याचा नळ उघडावा. वाहिनीत साठलेले पाणी ओसरल्यावर धार थांबली पाहिजे. बारीक धार चालूच राहिली तर व्हॉल्व गळका आहे आणि त्या रात्रीचा आकडा ग्राह्य धरता येत नाही. तसेच सकाळी व्हॉल्व अगदी हळू उघडावा. रिकाम्या वाहिनीत पाणी एकदम घुसले की हवेचा दणका बसतो, जुन्या लोखंडी नळ्यांच्या आतला गंज सुटतो आणि तोच गंज पुढे घराघरांतील नळांत जाऊन अडकतो.

ज्यांच्या इमारतीला महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेतील मीटर बसला आहे, त्यांना वाटते की गळती असती तर मीटरवर दिसली असती. तसे होत नाही. मीटर महापालिकेच्या जोडणीवर, म्हणजे खालच्या टाकीच्या अलीकडे असतो, आणि पालिकेचे पाणी चालू असेपर्यंतच फिरतो. वरच्या टाकीतून रात्री झालेली गळती आणि सकाळी सभासदांनी केलेल्या आंघोळी त्याला सारख्याच दिसतात. बंगल्यात किंवा बैठ्या घरात थेट नळजोडणी असेल तर मात्र घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे.

व्हॉल्व बंद असूनही पातळी उतरली तर

गळती घरांत नसून टाकीत किंवा टाकी भरणाऱ्या वाहिनीत आहे. टाकीच्या तळाशी गाळ काढण्यासाठी ठेवलेली वॉशआउटची नळी गच्चीवरील पन्हाळीत सोडलेली असते आणि तिच्याकडे वर्षभरात कोणी बघत नाही. प्रथम ती पाहावी. स्लॅब आणि भिंती तपासताना पांढरे क्षार जमलेले ओघळ शोधावेत, कारण काँक्रीटमधून झिरपणारे पाणी आपली खूण पांढऱ्या रेघांनी ठेवते. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतील टेमघर धरणालाच मोठी गळती होती आणि ती थांबवण्यासाठी ग्राउटिंग, म्हणजे भेगांत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरण्याचे काम, करावे लागले, हे लक्षात घेता सोसायटीच्या टाकीच्या भिंतीला भेग पडली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. टाकी रिकामी करून, घासून, भेग मोकळी करून मग वॉटरप्रूफिंग करावे. ओल्या भिंतीवर वरवर लेप चढवला तर पोपडा धरून तो निघून येतो.

सर्वांत जास्त चकवणारे कारण मोटारीच्या वाहिनीवरील नॉन-रिटर्न व्हॉल्व हे असते. मोटार बंद झाल्यावर वर चढलेले पाणी परत खाली येऊ नये, यासाठी तो बसवलेला असतो. भरणाऱ्या नळीचे तोंड वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीखाली बुडलेले असेल आणि या व्हॉल्वच्या झडपेत कचरा अडकला असेल, तर मोटार थांबताच पाणी उलट्या दिशेने निघते आणि रात्रभर खालच्या टाकीत उतरत राहते. अशा वेळी पाणी वाया गेलेले नसते, केवळ वीज वाया जाते. पण खालची टाकी आधीच भरलेली असेल तर तेच पाणी तिच्या ओव्हरफ्लोमधून गटारात जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: मोटार बंद केल्यानंतर खालच्या टाकीजवळ कान द्यावा, किंवा बंद मोटारीचा पंखा आपोआप उलटा फिरतो का ते पाहावे. झडप साफ करावी, आणि शक्य असल्यास भरणाऱ्या नळीचे तोंड वरच्या टाकीत ओव्हरफ्लोच्याही वर उचलून घ्यावे. मग व्हॉल्व पुढे कधी बिघडला तरी नळीत हवा शिरून ओढ तुटते.

खालच्या टाकीचा ओव्हरफ्लो थेट ड्रेनेज चेंबरला जोडणे ही पुण्यातील अनेक इमारतींत सर्रास आढळणारी आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी रचना आहे. पालिकेचे पाणी पहाटे दाबाने येते, फुग्याचा व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही आणि सगळे जास्तीचे पाणी जमिनीखालूनच निघून जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ओव्हरफ्लोची नळी पार्किंगमध्ये सर्वांना दिसेल अशा ठिकाणी उघडी काढावी आणि तिच्या तोंडाला डास शिरू नयेत म्हणून जाळी लावावी. फरशीवर पाणी पसरले की कोणीतरी ओरडतेच. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहराच्या हौदांपर्यंत पाणी आणताना वाटेत उच्छ्वास बांधले गेले, जेणेकरून जमिनीखालच्या मार्गात हवा खेळती राहावी आणि आत माणूस उतरून गाळ काढू शकावा. आपल्या इमारतींमध्ये नळ्या भिंतीत गाडताना तपासणीची एवढीही सोय ठेवली जात नाही.

खालच्या टाकीची गळती केवळ पाण्याचा प्रश्न नाही. जेथून पाणी बाहेर जाते, तेथून पालिकेचा पुरवठा बंद असताना किंवा टाकी रिकामी असताना आजूबाजूचे ड्रेनेजचे पाणी आतही येऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली होती. म्हणून खालच्या टाकीच्या भिंतीतील भेग ‘पुढच्या सर्वसाधारण सभेत पाहू’ या यादीत ढकलू नये.

पातळी व्हॉल्व उघडल्यावरच उतरत असेल तर

गळती घरांत आहे. येथे इमारतीची रचना उपयोगी पडते. गच्चीवरून खाली उतरणाऱ्या वाहिन्या बहुधा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्यासाठी वेगळ्या असतात, आणि ज्या सोसायट्यांत बोअरचे पाणी आहे तेथे फ्लशची टाकीही वेगळी असते. एका रात्री एकच वाहिनी उघडी ठेवून पातळी पाहिल्यास संशयित वाहिनी सापडते. त्यानंतर त्या वाहिनीवरील घरे उरतात, आणि तेथे सभासदांशी गोडीने बोलावे लागते. ‘तुमच्याकडे गळते आहे’ असे म्हटल्यास दार अर्धेच उघडते; ‘सगळ्यांकडे रंगाची पुडी वाटतो आहोत, फ्लशमध्ये टाकून बघा आणि कळवा’ असे म्हटल्यास काकूच चहाला बसवतात आणि शेजारच्या फ्लॅटचेही वर्तमान सांगतात.

रंगाची पुडी म्हणजे खाण्याचा रंग, आणि तो नसेल तर चमचाभर इन्स्टंट कॉफी. फ्लशच्या टाकीचे झाकण उचलून आत रंग टाकावा आणि वीस मिनिटे फ्लश न वापरता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी सील गळते आहे. टाकी भिंतीत गाडलेली असेल तर भांड्याच्या आतील मागच्या उतारावर कोरडा टिश्यू कागद चिकटवून ठेवावा. फ्लशनंतर पंधरा-वीस मिनिटांनी भांडे निथळले की नवा कागद लावावा, आणि तो भिजत गेला तर गळती आहे असे समजावे. हळद वापरू नये, तिचे डाग राहतात.

रंग उतरला नाही आणि तरी टाकीत सतत बारीक सळसळ ऐकू येत असेल, तर झाकण उचलून मधल्या उभ्या नळीकडे पाहावे. ही ओव्हरफ्लोची नळी असते. टाकीतील पाण्याची पातळी तिच्या तोंडापासून साधारण दोन सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे. पाणी तिच्या काठापर्यंत येत असेल तर जास्तीचे पाणी नळीतून भांड्यात चुपचाप उतरत असते. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी खाली घेणे एवढेच काम आहे आणि त्याला सुट्या भागाची गरज नाही. फ्लोट हाताने वर उचलल्यावरही पाणी थांबत नसेल तर मात्र पाणी भरणारा व्हॉल्व बिघडला आहे.

आता मूळ प्रश्न: बदललेली सील किंवा बदललेला व्हॉल्व पुन्हा का गळतो? याचे उत्तर शोधण्यासाठी तक्रारी कोणत्या दिवशी येतात ते पाहावे. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवले जाते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा व कमी दाबाने येईल, असे निवेदन वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. रिकाम्या झालेल्या मुख्य वाहिन्यांत पाणी पुन्हा सोडले की आतला गाळ आणि बारीक वाळू ढवळून निघते आणि सुरुवातीचे पाणी गढूळ येते. हे पाणी खालच्या टाकीत, तेथून मोटारीने वर आणि तेथून फ्लशच्या व्हॉल्वपर्यंत पोहोचते. गळतीच्या तक्रारी शनिवार-रविवारी वाढत असतील तर दोष सुट्या भागाचा नाही. व्हॉल्व उघडून आतली रबरी चकती स्टीलच्या वाटीत काढली आणि उजेडात तिरकी धरली, तर बहुतेक वेळा तिच्या गुळगुळीत तोंडावर खसखशीहून लहान असा वाळूचा एकच कण रुतलेला दिसतो. चकती नखाने स्वच्छ करून उलटी बसवली तरी ती पुन्हा काम करू लागते. प्लंबर मात्र संपूर्ण व्हॉल्व बदलतो, कारण त्याचा वेळ चकती धुण्यापेक्षा महाग आहे, आणि नव्या व्हॉल्वमध्ये पुढच्या शुक्रवारी नवा कण येऊन बसतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. फ्लशच्या खालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा छोटा नळ, बंद करून लवचीक नळी सोडवावी, तिचे मोकळे टोक बादलीत धरून अँगल कॉक क्षणभर पूर्ण उघडावा आणि नळीत साठलेला कचरा वाहू द्यावा. व्हॉल्वच्या तोंडाशी प्लास्टिकची लहान जाळी असते, ती काढून जुन्या टूथब्रशने घासावी. जाळी नसेल किंवा कोणी ‘पाणी कमी येते’ म्हणून ती काढून फेकली असेल, तर ती आधी बसवून घ्यावी. सोसायटीच्या पातळीवर मोटारीच्या वाहिनीवर गाळणी बसवणे आणि खालच्या टाकीतील मोटारीची नळी तळापासून वीतभर उंच ठेवणे या दोन गोष्टी केल्या, तर वर जाणारा बराचसा कचरा खालीच राहतो. शुक्रवारी पहिले पाणी आल्याबरोबर मोटार लावू नये; गाळ खाली बसण्यास काही तास द्यावेत.

वाघोली, लोहगाव किंवा अन्य उपनगरांत जेथे बोअर आणि टँकरवर भिस्त आहे, तेथे वाळूपेक्षा क्षारांचा त्रास मोठा असतो. धरणाचे पाणी मुळात मऊ असते, पण खडकातील भेगांमधून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि ते सीलच्या काठावर पांढऱ्या कवचासारखे साचून रबर आणि प्लास्टिक यांच्यामध्ये फट पाडतात. असे भाग लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून ठेवावेत. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरल्यास क्षार लवकर निघतात खरे, पण रबरही खराब होते. फ्लशच्या टाकीत टाकण्याच्या क्लोरीनच्या वड्यांचाही तोच परिणाम होतो. त्या वापरणाऱ्या घरात सील वारंवार बदलावी लागत असेल तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही. फ्लशमध्ये वीट ठेवून पाणी वाचवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तोही टाळावा. वीट भुगा सोडते आणि तो भुगा सीलखाली जाऊन बसतो. पाणी कमी करायचे असेल तर झाकण लावलेली, पाण्याने भरलेली बाटली ठेवावी.

नळ, आणि नळांवरचा दाब

जुन्या आट्यांच्या नळात वायसर बदलून महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा थेंब पडू लागले, तर वायसर दोषी नसतो. नळाच्या आत वायसर ज्या पितळी बैठकीवर दाबला जातो, तिला पाण्याच्या धारेने खाच पडलेली असते आणि ती खाच प्रत्येक नवा वायसर कापते. नळ उघडून बोट फिरवल्यास ती हाताला लागते. बैठक घासून सपाट करणारे हत्यार काही प्लंबरांकडे असते. नसेल तर नळ बदलणे स्वस्त पडते. नळ गळतो म्हणून तो अधिकाधिक आवळून बंद करण्याची घरोघरची सवय ही खाच वाढवतेच. पाव वळणात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्यांचे कार्ट्रिज असते. वाळूने त्यांवर चरे पडले की ते बदलावे लागते; जुने कार्ट्रिज खिशात घालून रविवार पेठेतील बोहरी आळीत नेऊन दाखवावे, कारण लांबी आणि दातांची संख्या जुळली नाही तर ते बसत नाही आणि केवळ वर्णनावरून आणलेला सुटा भाग बहुधा परत करावा लागतो.

उंच इमारतीत खालच्या मजल्यांवरच पुन्हा पुन्हा गळती होत असेल तर दाबाकडे पाहावे. पाण्याचा प्रत्येक दहा मीटर उंचीचा स्तंभ चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतो. अकरा मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या नळाला तीन किलोहून अधिक दाब सतत सोसावा लागतो, तर अकराव्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम धार येते. वरच्यांच्या तक्रारीवरून गच्चीवर प्रेशर पंप बसवला जातो आणि त्याचा दाब खालच्या मजल्यांवरही जातो. तेथील लवचीक नळ्या फुटतात, फ्लशचे व्हॉल्व सळसळू लागतात. यावर उपाय म्हणजे खालच्या मजल्यांच्या वाहिनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व बसवणे आणि प्रेशर पंपाची वाहिनी वरच्या दोन-तीन मजल्यांपुरती वेगळी ठेवणे. दाब निम्म्यावर आणला तर त्याच उघड्या भोकातून जाणारे पाणी साधारण तीन दशांशाने कमी होते, त्यामुळे सापडलेली-न सापडलेली सर्वच गळती एकदम घटते. घराच्या पातळीवर वीस लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावावे. दोन मिनिटांच्या आत भरत असेल तर मिनिटाला दहा लिटरांहून अधिक पाणी येत आहे आणि बेसिनला एवढ्या धारेची गरज नसते. अँगल कॉक थोडा बंद करणे हा फुकटचा उपाय आहे. नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, बसवणे हा त्याहून चांगला, फक्त त्याची जाळी शुक्रवारनंतर धुवावी लागते.

आरओची नळी

स्वयंपाकघराच्या वाहिनीवर गळती दिसते आणि नळ तर सगळे कोरडे, अशा वेळी सिंकखालच्या आरओच्या सांडपाण्याच्या नळीकडे पाहावे. यंत्राची टाकी भरल्यानंतर ही नळी थांबली पाहिजे. पाणी अडवणारा सोलेनॉइड व्हॉल्व कचऱ्याने अर्धवट उघडा राहिला तर यंत्राचा दिवा बंद, मोटार शांत आणि नळीतून मात्र धार चालू, अशी स्थिती होते. यंत्र बंद ठेवून नळीचे टोक पातेल्यात सोडावे आणि अर्ध्या तासाने पाहावे.

त्याहून पुढचा प्रश्न असा आहे की ते यंत्र तेथे हवे आहे का. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या घटकांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याखालील पाण्यासाठी आरओ वापरू नये अशी भूमिका घेतली होती. ज्या घरात केवळ खडकवासल्याचे पाणी येते, तेथे स्वस्तातला टीडीएस मीटर (विरघळलेले घटक मोजणारे उपकरण) बुडवून आकडा पाहावा. तो मर्यादेच्या बराच खाली असेल तर गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र, किंवा उकळणे, पुरेसे ठरते आणि सांडपाण्याचा प्रश्नच उरत नाही. बोअर आणि टँकरचे पाणी मिसळत असेल तेथे हा निष्कर्ष लागू नाही. तेथे आरओ ठेवावा आणि नळीचे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरावे. कुंड्यांना ते सतत घालू नये, मातीत क्षार साठतात.

भिंतीतली गळती

फ्लश, नळ आणि आरओ सगळे निर्दोष ठरले आणि तरी पातळी उतरते, तेव्हा भिंतीतली नळी उरते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक नळीला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून प्लंबर जे ऐकतो ते थोतांड नाही. रात्रीच्या शांततेत बारीक सुसकारा खरोखर ऐकू येतो. ओल कुठे दिसते यावर मात्र फार विसंबू नये. पाणी स्लॅबच्या उतारावरून सरकत जाते आणि न्हाणीघरातील गळतीचे पोपडे शेजारच्या खोलीच्या छताला येतात. पुरवठ्याची नळी गळत असेल तर ओल बाराही महिने कायम राहते. केवळ आंघोळीनंतर वाढून दुपारी सुकत असेल तर फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप तपासावा, आणि पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरची भिंत.

फोडाफोडीपूर्वी त्या घराची वाहिनी अलग करून हातपंपाने दाब चाचणी घेण्यास सांगावे. नळीत दाब भरून काटा तासभर स्थिर राहिला तर त्या भिंतीला हात लावण्याचे कारण नाही. काटा उतरला तर गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या वेगवेगळ्या तपासाव्यात. सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, नळ्यांत दोष बहुधा सांध्यांपाशी असतो. पितळी आटे जोडताना प्लास्टिकचा भाग जोरात आवळला गेला असेल तर तो वर्षा-दोन वर्षांनी तडकतो, त्यामुळे गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळामागची जागा आधी उघडावी. भिंत पुन्हा बुजवण्यापूर्वी तीच चाचणी परत घ्यावी, नळीचा फोटो टाइलपासूनच्या मापासह काढावा आणि तो सोसायटीच्या फाइलमध्ये लावावा. सामाईक उभ्या वाहिनीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने आणि घरातील नळीची सभासदाच्या खर्चाने होत असल्यामुळे, दाब चाचणीचा निकाल लेखी घेतलेला बरा. पुढे खालच्या मजल्यावरील छताच्या रंगाचे बिल कोणी द्यायचे, हा वाद त्याच कागदावर सुटतो.

दुरुस्तीनंतर वरच्या टाकीची रात्रीची चाचणी पुन्हा घ्यावी आणि उतरलेले सेंटिमीटर मोटारीच्या खोलीतील वहीत तारखेसह लिहावेत. पुढची चाचणी पाणीबंदीनंतरच्या शनिवारी ठेवावी, कारण दुरुस्ती टिकली की नाही ते त्याच रात्री कळते.